क्लॅरीच्या ट्रकची रिकामी फेरी

१

त्या बुधवारी सकाळी मी बाबाला फोन केला तो त्याला रागवायला. ते माझं कामच होतं.

"क्लॅरी पेथिक," मी ऑफिसातला आवाज काढून म्हटलं, "तुमचा ट्रक आज पुन्हा उभ्या जागी इंजिन चालू ठेवून होता."

"दम खात होता, ब्रॉन." मागे ताटल्यांचा आवाज येत होता, म्हणजे तो हायवेवरच्या वूलाबाईच्या ढाब्यावजा रोडहाउसवर पोचून नाश्त्याला बसला होता. "रात्रभर ओझं ओढलेलं इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवावं लागतं. एकदम बंद केलं तर आतल्या आत जळतं."

"ते जुन्या इंजिनांचं. नव्यांना लागत नाही. लॅक्लन सांगून थकला."

"लॅक्लनला म्हणावं, एकदा दोन ट्रेलर जोडून नलारबोरचं माळरान ओलांडून ये. मग कोण थकलं ते बघू."

पोर्ट ऑगस्टाच्या केव्हर्न अँड सन्स या मालवाहतूक कंपनीत मी ट्रकांच्या ताफ्याचा कॉम्प्युटरवरचा पडदा सांभाळते. कंपनीच्या नव्या ट्रकांमध्ये कारखान्यातच एक यंत्र बसवून येतं आणि ते ट्रकची खबर सतत पाठवत राहतं. पूर्वी वरून चिकटवलेली डबी असायची. ड्रायव्हर लोक तिची वायर खुशाल उपटायचे आणि खड्ड्यात सुटली म्हणायचे. हे नवीन यंत्र ट्रकच्या मेंदूतच असल्यामुळे ते उपटायची सोय उरली नाही. ड्रायव्हर त्याला चहाडखोर म्हणतात. त्या चहाडखोराच्या दुसऱ्या टोकाला मी बसते.

बाबाची फेरी वर्षानुवर्षं तीच होती. आमच्याकडून दोन ट्रेलर घेऊन रात्रभर पश्चिमेला जायचं. पलीकडून आमच्याच कंपनीचा, नॉर्समन गावचा डेन्झिल ओट्स त्याचे ट्रेलर घेऊन यायचा. वूलाच्या अंगणात दोघं ट्रेलर सोडायचे, दिवसभर झोपायचे आणि संध्याकाळी एकमेकांचे ट्रेलर जोडून आपापल्या घरी निघायचे.

"आवाज बसलाय तुझा," मी म्हटलं.

"वूलाच्या पंख्याची धूळ."

दमलास का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण आमच्या घरात असं कोणी कोणाला विचारत नसे. आई गेली त्या वर्षीसुद्धा आम्ही दोघं एकमेकांना किराण्याबद्दलच विचारत राहिलो.

"दूध आणून ठेवू का?" मी विचारलं.

"ठेव. आणि तुझ्या गाडीचं मागचं डावं टायर बसलंय. आज हवा भरून घे."

"आज बुधवार. दुपारी मी वाचनालयात असते."

"ठाऊक आहे मला. जाताना भर."

जाताना मी हवा भरली. मग वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावली, एका म्हातारीशी भाज्यांच्या किडीबद्दल बोलले आणि घरी येताना दूध घेतलं. त्या दिवसाबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

गुरुवारी सकाळी ऑफिसात येऊन पडदा उघडला. तक्रारींच्या यादीत सगळ्यात वर बाबाचा ट्रक होता. उभ्या जागी इंजिन चालू, पहाटेपासून. मला हसू आलं. काल रागावले म्हणून मुद्दाम करतोय, असं वाटलं. त्याच्या केबिनमधल्या छोट्या पडद्यावर मी निरोप पाठवला: "पेथिक, आता तरी बंद कर."

कॉफी संपायच्या आत वाटेवरच्या सेडूना गावच्या पोलिसांचा फोन आला.

२

रस्त्याच्या कडेला, ट्रक थांबायच्या जागेत, बाबानं ट्रक अगदी सरळ लावला होता. हँडब्रेक ओढलेला होता आणि धोक्याचे दिवे लुकलुकत होते. इंजिनाला दम खायला ठेवून तो मान टेकून बसला आणि ते बंद करायला पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंत्यविधी झाला. पुढच्या सोमवारी मी कामावर आले तेव्हा बाबाचा ट्रक आमच्या आवारात आणून लावलेला होता आणि शेजारी लॅक्लन केव्हर्न हातात पातळ पातं घेऊन उभा होता.

आमच्या कंपनीत ट्रकच्या दारावर ड्रायव्हरचं नाव सोनेरी अक्षरांत रंगवतात. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये कोणी बसत नाही, मागितल्याशिवाय तर नाहीच. ड्रायव्हर निवृत्त झाला किंवा गेला की त्याचं दार काढून मोठ्या शेडच्या भिंतीवर टांगतात आणि ट्रकला नवीन दार बसवतात. लहानपणी मी त्या भिंतीखाली बसून नावं वाचायला शिकले. ज्याला हाकललं त्याचं नाव मात्र खरवडून टाकतात.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"अजून काही नाही." लॅक्लननं पातं खिशात घातलं. तो मालकाचा मुलगा. आम्ही एकाच शाळेत होतो. "तुला आज यायची गरज नव्हती, ब्रॉन."

"घरी तरी काय करू?"

त्यानं मला आत नेऊन पडदा दाखवला. बुधवार दुपार. वूलाच्या अंगणात बाबाचा ट्रक उभा असायला हवा होता, त्याच्या कामाच्या तासांच्या डायरीतही अखंड विश्रांती लिहिलेली होती. पण पडद्यावर ट्रक दुपारी निघाला होता. पश्चिमेला दोनेक तास गेला, एका पिकनिकच्या जागी थोडा थांबला आणि परत आला. मग संध्याकाळी ट्रेलर जोडून बाबा घरच्या वाटेला लागला.

"म्हणजे तो झोपलाच नाही," लॅक्लन म्हणाला. "दिवसभर चालवलं, वर रात्रभर. डायरीत खोटं लिहिलं. सुरक्षा खात्याला अहवाल द्यायचाय शुक्रवारी. काय लिहू सांग?"

"बाबा डायरीत खोटं लिहीत नाही."

"चहाडखोर पण खोटं बोलत नाही."

"गेला कशाला तिकडे?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "पलीकडच्या खाणीवाल्यांचा माल गुपचूप ओढणारे आहेत काही. कंपनीचा ट्रक, कंपनीचं डिझेल. क्लॅरी तसा नव्हता, मान्य. पण मग तूच सांग कशाला गेला."

मी पडद्याकडे बघत राहिले. माझे डोळे चुरचुरत होते, आणि जी गोष्ट तिथे नव्हती ती दिसायला मला बराच वेळ लागला.

"लॅक्लन, बुधवारच्या तक्रारी काढ. सकाळी पोचल्यावर इंजिन चालू ठेवलं त्याची आहे. गुरुवारची आहे. दुपारची कुठे आहे?"

"नाहीये."

"दुपारी ट्रक दोनदा थांबलाय. पिकनिकच्या जागी, मग परत आल्यावर. दोन्ही वेळा इंजिन झटक्यात बंद. बाबा असं करत नाही. चाळीस वर्षांत केलेलं नाही. दुपारी तो चालवत नव्हता."

लॅक्लननं तक्रारींची यादी पुन्हा एकदा खालवर करून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "त्या सकाळी तू त्याला रागावली होतीस ना? ऐकलं असेल त्यानं एकदाचं तुझं."



३

जेवणाच्या सुट्टीत मी म्हाताऱ्या रॉइस केव्हर्नकडे गेले. कंपनी त्याची, पण आता तो मागच्या व्हरांड्यात बसून फक्त सह्या करायचा.

"नाव खरवडायचं म्हणतोय तुझा मुलगा," मी म्हटलं.

"त्याला नाही खरवडायचं गं. पण खात्यानं विचारलं आणि नाव भिंतीवर असलं, तर आम्ही पाठीशी घातलं असं होतं." त्यानं डोळे मिटले. "क्लॅरी माझ्याआधी जाईल असं वाटलं नव्हतं."

"मला एक सही हवी. ट्रक बनवणाऱ्यांकडून बुधवारची सगळी माहिती मागवायची आहे."

"सगळी म्हणजे? पडद्यावर आहे ना?"

पडद्यावर आमच्या फक्त तीन गोष्टी दिसतात. ट्रक कुठे आहे, किती वेगात आहे आणि इंजिन चालू आहे की बंद. जुन्या डब्यांना तेवढंच कळायचं. ताफ्यात जुने आणि नवे ट्रक एकत्र म्हणून लॅक्लननं दोघांना एकच पडदा ठेवला, आणि नव्या ट्रकांनाही जुन्यांइतकंच विचारत राहिला. कारखान्यातून बसून आलेल्या यंत्राला मात्र दारं, आसनांचे पट्टे, चाकांच्या धुरांवरचा भार, सगळं कळतं. ते बनवणाऱ्यांकडे जाऊन साठतं. आम्ही कधी मागितलंच नव्हतं.

रॉइसनं सही केली. "शुक्रवारपर्यंत," तो म्हणाला. "त्याच्या पुढे मलाही धरवायचं नाही."

माहिती बुधवारी सकाळी आली. लॅक्लन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी आधी भार बघितला.

"हे बघ. मागच्या धुरांवर काही नाही. जाताना नाही, येताना नाही. ट्रेलर जोडलेलेच नव्हते. नुसता पुढचा ट्रक फिरून आला. कोणाचा माल ओढला त्यानं? हवा?"

लॅक्लननं वाकून नीट वाचलं. "बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती, ते माझ्या लक्षात राहिलं. "माल नव्हता. खाणीवाल्यांचं मी मागे घेतो. पण पुढे वाच."

मी पुढे वाचलं. पिकनिकच्या जागी आधी ड्रायव्हरचं दार उघडलं होतं आणि काही वेळानं डावीकडचं, सोबत्याच्या बाजूचं. जाताना डावं आसन रिकामं होतं. येताना त्याच्यावर वजन होतं. पट्टा लावलेला नाही म्हणून ट्रकनं घंटी वाजवायला सुरुवात केली. थोडं अंतर ती वाजत राहिली आणि मग पट्टा लागला.

ट्रक निघाला तेव्हा आत एक जण होता. परतताना दोघं होते.

"ब्रॉन," लॅक्लन म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुझी आई जाऊन किती वर्षं झाली... माणूस एकटा असतो. मी काही वाईट म्हणत नाहीये. पण हे इथंच राहू दे. मी अहवालात नुसतं जास्त तास चालवलं एवढं लिहितो. बाकी कोणाला कळायची गरज नाही."

त्याला ते दयेनं सुचलं होतं. मी पिशवी उचलली.

"कुठे निघालीस?"

"वूलाकडे."

"आठशे किलोमीटर आहे!"

"बाबा आठवड्यातून दोनदा जायचा."

४

सेडूनाला रात्र काढून दुसऱ्या दिवशी वूलाच्या रोडहाउसवर पोचले तेव्हा पाठ आणि मान एक झाली होती. चारी बाजूंना खारी झुडपं, मध्ये पंप, पत्र्याच्या खोल्यांची रांग आणि माशा. वूला गल्ल्यामागे कांदे चिरत होती. सेडूनाच्या ग्रीक घरातली ही बाई कधीची इथे येऊन राहिली ते तिलाही आठवत नसावं.

"क्लॅरीची पोर तू," ती बघताक्षणी म्हणाली. "नाक तेच. बस. अंत्यविधीला आले नाही मी, हे सगळं कोणावर टाकून येऊ? खाल्लंस का काही?"

"वूला, त्या बुधवारी बाबा झोपला का?"

"मी स्वैपाक करते, पोरी. कोण झोपतं, कोण जागतं, पहारा देत नाही." तिनं माझ्यापुढे मटण भरलेली पाई आणि चहा ठेवला. "खा."

"त्याच्या ट्रकमध्ये कोण होतं त्या दुपारी?"

"मला काय ठाऊक?" कांदा चिरायचा वेग वाढला.

"बाई होती का कोणी?"

सुरी थांबली. वूलानं माझ्याकडे पाहिलं आणि खदखदून हसली, इतकी की कोपऱ्यात बसलेला एक ड्रायव्हर वळून बघायला लागला.

"क्लॅरीकडे? बाई? अगं, मी सोळा वर्षं त्याला डोळा मारतेय, त्याला वाटतं माझ्या डोळ्यात माशी गेली!" तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले, कांद्याचे का कशाचे कळलं नाही. "ते डोक्यातून काढ. चांगला माणूस होता. खोलीचे पैसे पण आधी द्यायला आला, मी नाही घेतले."

"कुठल्या खोलीचे?"

तिनं जीभ चावली. बोलून गेली होती.

"वूला, बाबा कधीही खोली घेत नाही. ट्रकमागच्या बिछान्याशिवाय त्याला झोप लागत नाही. आईसोबत सहलीला गेला तरी म्हणायचा, पलंग हलत नाही, झोप कशी येणार."

"त्या दिवशी घेतली," वूला शेवटी म्हणाली. "नाश्ता झाला, तुझा फोन झाला. नंतर दुपारी आला तो उशी काखेत मारून. माझी उशी देत होते तर नको म्हणाला. आत गेला, दार लावलं. संध्याकाळी मीच चहा घेऊन दार वाजवलं तेव्हा उठला. गालावर उशीच्या घड्या होत्या. घोरतो किती! शेजारच्या खोलीतल्या बाईनं तक्रार केली माझ्याकडे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

बाबा झोपला होता. झोपायच्या आधी त्यानं स्वतःची उशी ट्रकमधून बाहेर काढली होती. म्हणजे ट्रक चोरीला गेला नव्हता. ट्रक जाणार आहे, हे त्याला माहीत होतं. किल्ली त्यानं स्वतःच्या हातानं कोणाला तरी दिली होती. ज्या बाबानं आईलासुद्धा कधी स्वतःच्या आसनावर बसू दिलं नव्हतं, त्यानं.

"कोणाला दिली किल्ली?"

"ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय." वूलानं कांद्याची ताटली बाजूला सारली आणि खिडकीबाहेर पश्चिमेकडे बघितलं. "पण तू घाई करू नकोस. चहा पी. क्लॅरी गेल्यापासून पलीकडचे लोक गुरुवारी दुपारी येतात, येतीलच आता."

५

डेन्झिल ओट्सचा ट्रक आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लांबलचक ट्रेलर वळवून त्यानं अंगणात लावले. डाव्या खिडकीत एक राखाडी थोबाड टेकलेलं होतं. त्याची म्हातारी कुत्री, डचेस. बाबाच्या बोलण्यात ती नेहमी असायची: बहिरी आहे, पण डेन्झिलपेक्षा जास्त ऐकते.

मला बघून डेन्झिल केबिनच्या पायरीवरच थांबला. मग उतरून आला आणि टोपी काढून नुसता उभा राहिला.

"तुला पत्र लिहायला घेतलं होतं," तो म्हणाला. "जमलं नाही."

"राहू दे. कुत्रीला उतरव ना, उकडत असेल तिला."

त्यानं डावीकडचं दार उघडून डचेसला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. आसन रिकामं झालं आणि मला हवं होतं ते दिसलं. रिकाम्या आसनावर पट्टा लावलेला होता. कुत्री त्याच्यावर बसत होती, पट्टा तिच्या पाठीमागून जाऊन खटक्यात अडकवलेला होता.

"पट्टा का लावलायस, डेन्झिल?"

"घंटी वाजते नाहीतर. या नव्या ट्रकांना वाटतं, माणूस बसलाय. डोकं उठवते नुसती."

बोलता बोलता तो थांबला. आम्ही दोघं त्या पट्ट्याकडे बघत होतो.

"त्या बुधवारी घंटी थोडा वेळ वाजली," मी म्हटलं. "मग तुला आठवलं आणि तू हात लांब करून पट्टा अडकवलास. बाबाच्या ट्रकमध्ये. तू कुत्रीला आणायला गेला होतास."

डेन्झिल ट्रकच्या पायरीवर बसला. जवळून बघितलं तेव्हा तो फार म्हातारा दिसत होता.

"त्या पिकनिकच्या जागी पाय मोकळे करायला उतरलो होतो," तो म्हणाला. "ही पण उतरली. मला वाटलं, चढून मागे बिछान्यात जाऊन झोपलीय. तिथला पडदा ओढलेला होता, मी बघितलंच नाही. ट्रकचा आवाज हिला ऐकू येत नाही. इथं आलो, ट्रेलर सोडले, पडदा सारला, तर बिछाना रिकामा." त्यानं डचेसच्या मानेवर हात ठेवला. "ते ऊन बघतेस ना? त्या दिवशी याहून होतं. पाणी नाही, सावली नाही, आणि हायवेवर मागून आलेला ट्रक हिला कळत नाही. वूलाची गाडी दुरुस्तीला सेडूनाला गेली होती. त्या दिवशी चालवायचे माझे तास संपले होते. माझा ट्रक हलला असता तर तुझ्या पडद्यावर लाल दिवा लागला असता. या वयात एकदा लायसन्स गेलं की गेलं."

"म्हणून बाबाचा घेतलास."

"मी मागितला नाही. देवाशपथ. मी तिथे बसून रडत होतो नुसता. त्यानंच किल्ली पुढे केली. म्हणाला, माझे तास शिल्लक आहेत, लाल दिवा लागायचा नाही, फार तर ठिपका हलेल. आणि बुधवारी दुपारी ब्रॉन वाचनालयात असते."

मला हसू आलं.

"आणि म्हणाला, तिला सांगू नकोस. तिला कळलं तर तिला लिहावंच लागेल तुझ्याविरुद्ध. ती लिहील, अशीच आहे ती, आणि मग तिला झोप लागणार नाही. मी घरी गेलो की सांगेन माझ्या पद्धतीनं." डेन्झिलनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "मग तो घरी पोचलाच नाही. मी म्हटलं, त्याचा शब्द मोडून आता काय मिळणार? तू दुःखात, त्यात हे कशाला?"

"ते त्याचं नाव खरवडतायत, डेन्झिल."

त्यानं मान वर केली. "काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. डायरी, अहवाल, शुक्रवार, पातं. डेन्झिलनं कुत्रीला उचललं आणि तो उभा राहिला.

"मला हे ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "पलीकडे आम्हाला कोणी काही सांगत नाही. तुझ्या गाडीत कुत्री चालते का?"

"चालते."

"मग चल. माझा ट्रक राहू दे इथंच. वूला!" त्यानं दाराकडे बघून हाक मारली. "माझ्या जागी दुसरा कोणी पाठवा म्हणावं कंपनीला!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला पहिल्यांदा कशावरून कळलं?"

"दुपारी दोन्ही वेळा इंजिन झटक्यात बंद झालं होतं."

डेन्झिलनं डोळे मिटून घेतले. "सांगितलं होतं त्यानं मला. किल्ली देताना शेवटचं तेच बोलला. थांबलास की इंजिनाला दम खाऊ दे, एकदम बंद करू नकोस. आणि मी विसरलो. तिथे पोचल्यावर ही दिसेना, तसाच उडी मारून धावलो. परत आलो तेव्हा हिला सावलीत नेऊन पाणी पाजायची घाई, तेव्हाही विसरलो." त्यानं कुत्री दुसऱ्या हातावर घेतली. "नसतो विसरलो तर?"

"तर लॅक्लन म्हणतो तेच खरं ठरलं असतं," मी म्हटलं.

६

शुक्रवारी दुपारी डेन्झिलनं रॉइसच्या व्हरांड्यात उभं राहून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. डचेस त्याच्या बुटांवर झोपून गेली. वूलानं फोनवर तेच सांगितलं आणि घोरण्याचा मुद्दा दोनदा सांगितला.

"एका बहिऱ्या कुत्रीसाठी," लॅक्लन म्हणाला.

"तू हरवशील तेव्हा तुझ्यासाठी पण कोणी एवढं पळो," डेन्झिल म्हणाला. "लायसन्सचं काय ते लिही. माझी हरकत नाही. मी तसाही दमलोय."

लॅक्लननं अहवाल नव्यानं लिहायला घेतला. लिहिण्याआधी खिशातलं पातं काढून त्यानं टेबलाच्या खणात टाकलं. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण मी मान हलवली. तोही त्या आठवड्यात नीट झोपला नव्हता, हे दिसत होतं.

रॉइस काठी टेकत माझ्याबरोबर आवारात आला. ट्रकच्या दारावर सोनेरी अक्षरं तशीच होती. क्लॅरी पेथिक.

"उद्या माणसं येतील दार काढायला," तो म्हणाला. "भिंतीवर कुठे लावायचं ते तू सांग." मग त्यानं खिशातून किल्ली काढली. "इतके दिवस बंद पडून आहे. बॅटरी बसेल. चालू करून ठेव जरा."

"मी? त्याच्या जागेवर?"

"मग कोण बसणार आता?"

तो हळूहळू परत गेला. मी पायऱ्या चढून आत बसले. आसन माझ्या मानानं खूप मागे होतं. मी ते पुढे घेतलं नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर माझा निरोप अजून तसाच होता, न वाचलेला. पेथिक, आता तरी बंद कर.

मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सगळं आसन हळूच थरथरायला लागलं. आत ऑफिसात माझ्या पडद्यावर एव्हाना त्याच्या नावापुढे तक्रार उमटली असणार. मी ती पुसणार नव्हते. लहानपणी घरासमोर ट्रक थांबला की मी धावत बाहेर यायचे, पण बाबा लगेच उतरायचा नाही. खिडकीतून नुसता हात वर करायचा. मला वाटायचं, त्याला आमच्याकडे यायची घाई नाही. तो तिथे बसून काय करत होता ते आत्ता कळलं. इंजिनाला विश्रांती देण्याच्या निमित्तानं तो स्वतः जरा टेकत होता.

मी तेवढा वेळ बसले. इंजिनाचा आवाज संथ झाला.

"दमला असशील ना रे, बाबा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या डाव्या आसनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "खूप दमला असशील."

मग मी इंजिन बंद केलं.